सहा शाखा, एक होडी आणि घरत मॅडम

श्रीमती रजनी घरत यांना मी पहिल्यांदा पाहिले ते मीरा रोडजवळच्या हाटकेशमधल्या एका फायबरच्या गाळ्यात. तेव्हा मी तिथे साचे बनवत असे. रेझिनचा वास असा असतो की नवखा माणूस दोन मिनिटांत बाहेर जाऊन उभा राहतो. मॅडम नाकाला रुमाल लावून सरळ माझ्या टेबलाशी आल्या आणि त्यांनी चार नकाशे पसरले. आमचे मालक खुर्ची पुसत राहिले, ती खुर्ची शेवटपर्यंत रिकामीच राहिली.

"मी सरकारी खात्यातून आलेय," त्या म्हणाल्या. "या चार पेट्यांमध्ये फरक काय, ते मला कोणीतरी सांगा. चार शाखांना विचारलं. चौघेही म्हणतात, आमची वेगळी आहे."

खाडीतल्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत नेण्याच्या त्या पेट्या होत्या. चारही नकाशांचे प्रमाण वेगळे होते, त्यामुळे एकावर एक ठेवून उपयोग नव्हता. मी सगळी मापे एका कागदावर शेजारी शेजारी लिहिली. पंधरा मिनिटे लागली असतील. तेवढा वेळ मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत, आणि काम करणाऱ्या माणसाला याहून मोठा मान मिळत नाही.

"बाई, पेटी एकच आहे," मी म्हणालो. "याला बिजागरी डावीकडे हवी, त्याला उजवीकडे. तिसऱ्याने मापं इंचात दिलीत. चौथ्याने तिसऱ्याची नक्कल केलीय, पण झाकण रेखाटायला विसरला."

"मग बिजागरीचं काय करायचं?"

"बिजागरीच नको. झाकण सुटं ठेवा, दोन्ही बाजूंना कड्या लावा. ज्याला जिकडून उघडायचं तिकडून उघडू दे."

"हे लिहून द्याल? खाली सही करून?"

डिलिव्हरी चलनाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी ते लिहून दिले. त्यांनी विचारले, "शिक्षण कुठे झालं तुमचं?" मी म्हणालो, "इथेच. दहावीनंतर याच गाळ्यात." हे उत्तर ऐकल्यावर लोक एक तर हळहळतात, नाहीतर उगीच कौतुक करतात. मॅडमनी दोन्हीपैकी काहीच केले नाही. चलनाची घडी घालून ती फाइलमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "दोन कड्या कशाच्या? खाऱ्या वाऱ्यात टिकणाऱ्या सांगा."

मॅडमच्या साठीनिमित्तच्या गौरवग्रंथाच्या समितीने मला "थोडक्यात दोन पाने" असे कळवले होते. मी मापे नेमकी देणारा माणूस आहे, म्हणून आधीच सांगतो की हे दोन पानांत बसणार नाही.

आमच्या खात्याचा कारभार साऱ्या किनारपट्टीवर पसरलेला आहे. जेट्ट्यांची देखभाल, खाड्यांची मोजणी, पाण्याची तपासणी, परवाने अशा त्याच्या अनेक शाखा. प्रत्येक शाखेला स्वतःचा प्रमुख, स्वतःचे भांडार आणि स्वतःचा अभिमान. घरत मॅडमकडे होता तो समन्वय कक्ष. भाईंदर पश्चिमेच्या कचेरीत जिन्याखालची एक खोली, दोन कपाटे, एक लिपिक. कोणाला हुकूम देण्याचा अधिकार नाही, कोणाची बदली करण्याचा नाही. खात्यात गमतीने म्हणत, "काम नसलेल्या माणसाला समन्वय देतात." मॅडमनी ही थट्टा कधी मनावर घेतली नाही. त्या भाईंदरजवळच्या गोडदेव गावच्या. गावाभोवती इमारती उठल्या, पण गावातल्या जुन्या घरांतून भावकीचे तंटे मिटवण्याची जी रीत असते, ती त्यांनी लहानपणी ओट्यावर बसून पाहिली होती. त्या सांगत, "आमच्याकडे बांधावरून भांडण झालं की आधी याने त्याची बाजू सांगायची, मग त्याने याची. स्वतःची बाजू काय, सगळ्यांनाच पाठ असते."

हीच रीत त्यांनी खात्यात आणली. पेट्यांचे काम झाल्यावर वर्षभराने खात्यात कंत्राटी आरेखकाची जागा निघाली, मी अर्ज केला आणि निवडला गेलो. पहिल्याच महिन्यात मी त्यांची ती बैठक पाहिली. शाखाप्रमुख आले की मॅडम टेबलावर चिठ्ठ्या ठेवीत. चिठ्ठीवर दुसऱ्या शाखेचे नाव. ज्याला जी शाखा येईल, त्याने त्या शाखेची मागणी मांडायची, आणि अशी मांडायची की त्या शाखेचा प्रमुख म्हणाला पाहिजे, "हो, मला हेच म्हणायचं होतं." तसे म्हणवून घेतल्याशिवाय स्वतःच्या शाखेविषयी अवाक्षर काढायचे नाही.

सुरुवातीला साहेब लोक वैतागत. "मॅडम, ही काय शाळा आहे?" मॅडम म्हणत, "शाळेत सोपं असतं साहेब, तिथे उत्तरं मागच्या पानावर असतात." मोजणीच्या प्रमुखांना एकदा परवाना शाखेची चिठ्ठी आली. या दोघांचे बरीच वर्षे बोलणे नव्हते. मोजणीवाले उठले, कागद न बघता दहा मिनिटे बोलले. परवान्याचे प्रमुख आधी छताकडे पाहत होते, मग टेबलाकडे, शेवटी बोलणाऱ्याकडे. म्हणाले, "माझ्यापेक्षा बरं बोललात. आता माझ्या निवृत्तीचं भाषणही तुम्हीच करा." त्यावर मोजणीवाले म्हणाले, "करतो की. कधी होताय?" सगळे हसले, आणि त्या दिवशी त्या दोन शाखांनी एकच अर्ज नमुना मान्य केला. तो आजही चालू आहे.

बैठकीतला चहासुद्धा त्यांनी असाच बसवला होता. पूर्वी सात प्रकारचे चहा येत. कमी साखर, जास्त साखर, बिनसाखर, आणि प्रत्येक वेळी कोणाचा तरी कप चुके. मॅडमनी एकच किटली बिनसाखरेची आणायला लावली आणि साखरेची वाटी मध्ये ठेवली. सामाईक मागणी कशी लिहावी, हे मी तिथेच शिकलो. जे सगळ्यांचे आहे ते किटलीत, आणि जे ज्याचे त्याचे आहे ते वाटीत. आमच्या कक्षातल्या लिपिक नसीमाताई मीरा रोडहून यायच्या. रमजानचा महिना आला की बैठकीतून किटली आणि वाटी दोन्ही गायब. कोणी विचारले तर मॅडम म्हणायच्या, "मला ॲसिडिटी झालीय, चहाचा वास सहन होत नाही." महिनाभर ती ॲसिडिटी टिकायची आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी बरी व्हायची. नसीमाताईंनी कधी काही मागितले नव्हते.

माझ्यावर त्यांनी केलेले उपकार मोजायचे तर मला दर गुरुवार मोजावा लागेल. मला इंग्रजी नोंदी वाचताना अडखळायला होई, आणि ते कोणाला कळू नये म्हणून मी कागद घरी नेत असे. मॅडमना ते कळले. त्यांनी मला बाजूला बोलावून सांगितले, "मला नकाशा वाचता येत नाही हो. सह्या करते, पण आडवा छेद कुठला आणि उभा कुठला, कळत नाही. गुरुवारी डबा खाताना शिकवाल?" मी हो म्हणालो. मग त्या म्हणाल्या, "बदल्यात मी तुमच्यासमोर इंग्रजी टिपणं मोठ्याने वाचेन. म्हणजे माझाही सराव होईल." त्यांना सरावाची काहीएक गरज नव्हती. पण नकाशा मात्र त्या खरोखर शिकल्या, इतक्या की पुढे माझ्याच चुका काढू लागल्या.

आता होडीविषयी.

खात्याच्या सहा शाखांना पाण्यात जावे लागते. प्रत्येक शाखा आपापली होडी भाड्याने घेई. एका शाखेकडे खात्याची होडी होती, पण इंजिन नव्हते. दुसरीकडे इंजिन होते, ते कपाटात होते. एकदा उत्तनच्या किनाऱ्यावरून आमच्याच खात्याने भाड्याने घेतलेल्या दोन होड्या एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, दोन-दोन अधिकारी घेऊन गेल्या, आणि समोरासमोर आल्यावर दोघांनी एकमेकांना हात केला. मॅडमनी ठरवले की सहाही शाखांची मिळून एकच नवी होडी बांधून घ्यायची, सगळ्यांच्या गरजा भागवणारी. त्या गरजांचा एकत्रित तक्ता आणि आराखडा करण्याचे काम त्यांनी माझ्याकडे दिले.

याला एका माणसाचा विरोध होता. जेट्टी देखभाल शाखेचे प्रमुख सामंत साहेब. स्पष्ट बोलणारे, कामाला वाघ. त्यांची परवानगी घेऊनच हे लिहितो आहे. ते भर बैठकीत म्हणाले, "मॅडम, डिप्लोमा नसलेल्या माणसाने काढलेल्या होडीत माझी माणसं मी बसवणार नाही." मॅडम म्हणाल्या, "आराखडा बघा, साहेब. चूक दिसली तर दाखवा. माणूस नंतर बघू."

त्या दिवसापासून मी हट्टाला पेटलो. माझ्यासारख्या स्वतः शिकलेल्या माणसाचे एक दुखणे असते. शिकलेल्या माणसाची चूक ही नुसती चूक असते. माझी चूक निघाली की लोक म्हणतात, तरी वाटलंच होतं. म्हणून मी एक नियम केला की तक्त्यात असे एकही वाक्य नसेल ज्याच्याखाली कुठल्या ना कुठल्या शाखेची सही नाही. नऊ महिने लागले. नमुन्यांचे कपाट, मोजणीचे यंत्र, ते पाण्यात सोडायचा छोटा रहाट, छत, प्रत्येक गोष्टीचे वजन, प्रत्येक शाखेची किती माणसे एका फेरीत जाणार. होडीत जास्तीत जास्त माणसे आठ. माणशी पंचाहत्तर किलो. जीवरक्षक जाकिटे आठ. सहाही प्रमुखांनी सह्या केल्या. सामंत साहेबांनी तीन दिवस आराखडा जवळ ठेवला, मग सही करून परत पाठवला. सोबत चिठ्ठी होती, "चूक आढळली नाही." ती चिठ्ठी मी घरी नेऊन बायकोला दाखवली.

सोमवारी कागद मंत्रालयात जायचा होता. शुक्रवारी मॅडम म्हणाल्या, "उद्या उत्तनला जाऊ. पास्कू तांडेलला वाचून दाखवू."

पास्कू म्हणजे उत्तनचे जुने तांडेल, होडी हाकणारे दर्यावर्दी. आमच्या सहाही शाखा होडी भाड्याने घेत ती बहुधा त्यांचीच, आणि नवी होडीही तेच चालवणार हे ठरलेले. मला जरा राग आला. "मॅडम, सहा प्रमुखांच्या सह्या झाल्यात. आता वाचून दाखवून काय होणार?"

"काही नाही झालं तर मासळी घेऊन येऊ," त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी आम्ही उत्तनला गेलो. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या रांगेशेजारी पास्कू जाळे दुरुस्त करत बसले होते. त्यांच्याबरोबर होडीवर काम करणारा खलाशी इनास बाजूला दोर वळत होता. मॅडम वाळूतच बसल्या आणि गावच्या बोलीत म्हणाल्या, "दादा, आयकून घे सगला. कुठं खटकला तं सांग."

मी तक्ता वाचायला घेतला. लांबी, रुंदी, इंजिन. पास्कू मान डोलवत होते. छताची उंची वाचली, त्यांनी हात थांबवला. कपाटाची जागा वाचली, त्यांनी जाळे खाली ठेवले. आठ माणसे, आठ जाकिटे हे वाचले तेव्हा त्यांनी इनासकडे पाहिले आणि दोघेही हसू लागले.

"काय झालं?" मी विचारले.

"सायब, होडी लय ब्येस हाय," पास्कू म्हणाले. "पन चालवतंय कोन?"

मला प्रश्नच कळला नाही. "तुम्ही."

"मंग आमी दोघं बसायचं कुठं? आठ तं तुमचंच झालं. आमी काय मागून पवत यायचं?"

इनास दोर वळत म्हणाला, "जाकीट पन न्हाय आमाला. तांडेल, आपन मासं हाय काय?"

"सुकानापुढं कपाट ठेवलंय," पास्कू बोटाने वाळूत रेघ ओढत म्हणाले. "बसलू तं पुढचं दिसत न्हाय. उभा ऱ्हायलू तं छत डोक्याला लागतंय. नांगर कुठं हाय? साखली? वरचं डिझेल? ह्या कुनाच्या कागदात न्हाय?"

नव्हते. कुणाच्याच कागदात नव्हते. तांडेल आणि खलाशी कुठल्याच शाखेचे नव्हते, म्हणून कुठल्याच शाखेने त्यांची मागणी लिहिली नव्हती. आणि जे कुठल्या शाखेने लिहिले नाही ते आराखड्यात घ्यायचे नाही, हा माझाच नियम. नऊ महिने मी फायबरच्या जाडीचा मिलिमीटर मिलिमीटर तपासला होता, आणि होडी चालवणारी दोन माणसे विसरलो होतो.

तिथेच कागद गुडघ्यावर ठेवून मी पुन्हा बेरीज केली. दोन माणसे, नांगर, साखळी, दोर, राखीव इंधन, हत्यारे. भरलेली होडी मी लिहिले होते त्यापेक्षा दोन-अडीच बोटे जास्त बुडणार होती. खाडीत अडीच बोटे म्हणजे काही नाही. पण उत्तनच्या खडकांपुढे, वारा उलटा असताना, तेवढ्याने पाणी आत येते. आणि तेव्हा होडीत दहा माणसे असतील, जाकिटे आठ. कोणती दोन माणसे जाकिटाविना राहिली असती, हे विचारायची गरज नव्हती.

मॅडम वाळू झटकून उठल्या. पास्कूंना म्हणाल्या, "बरा झाला आयलू." आम्ही भाईंदरची बस पकडली. वाटेतल्या डोंगरीपर्यंत मी तीच बेरीज पुन्हा पुन्हा करत होतो. मग म्हणालो, "मॅडम, मी राजीनामा लिहितो."

"लिहा," त्या म्हणाल्या. "पण आधी चूक लिहा. एक पान. कोण चुकलं ते नको, कुठे चुकलं ते लिहा. राजीनाम्याला त्यानंतर वेळ उरला तर बघू."

सोमवारी त्यांनी माझ्यासमोर मंत्रालयात फोन लावला. कागद वेळेवर देण्याचा शब्द त्यांनी स्वतः दिलेला होता. पलीकडचे अधिकारी चिडलेले ऐकू येत होते. मॅडम म्हणाल्या, "उशीर माझ्या नावावर घाला, साहेब. कागद मी थांबवलाय. चूक ज्याची आहे त्याने ती लिहून ठेवलीय, सहीसकट." मला झाकण्यासाठी त्या एक शब्द खोटे बोलल्या नाहीत. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला ते टोचले. आज वाटते, त्यांनी मला झाकले असते तर मी जन्मभर झाकलेलाच राहिलो असतो.

आठवड्याने बैठक भरली. माझे एक पान सगळ्यांना वाटलेले होते. कोपऱ्यातल्या खुर्चीवर पास्कू तांडेल बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीच्या अगदी कडेवर. मी सामंत साहेबांकडे पाहायचे टाळत होतो. टेबलावर सहा चिठ्ठ्या पडल्या. मग मॅडमनी सातवी काढली आणि ती सामंत साहेबांच्या पुढे ठेवली.

"हे काय, मॅडम? चिठ्ठी उचलायची असते ना?"

"बाकीच्या उचलायच्या, साहेब. ही तुमची. खात्यात सगळ्यात जास्त वेळा पास्कूदादांच्या होडीत तुम्ही बसलायत."

साहेबांनी चिठ्ठी उघडली. तीत एकच शब्द होता, तांडेल. ते उभे राहिले, चष्मा काढला, पुन्हा लावला. शेवटी त्यांनी कोपऱ्याकडे वळून विचारले, "पास्कू, तू होडीत नेमका बसतोस कुठे रे?"

"सायब, तुमच्या पाठीमागं. बारा वरसं झाली."

सामंत साहेबांनी आपली खुर्ची पास्कूंच्या समोर ओढली. मग त्यांनी पास्कूंना एकेक विचारायला सुरुवात केली. बसल्यावर डोळे कुठल्या उंचीला येतात, नांगर कुठल्या हाताला लागतो, इनास कुठे उभा राहतो, लाट बाजूने आली की कोण कुठे सरकते. अर्ध्या तासाने ते आमच्याकडे वळले आणि त्यांनी तांडेलाची मागणी मांडली. मी आयुष्यात इतके चोख मांडलेले ऐकलेले नाही. शेवटी म्हणाले, "आराखडा काढणाऱ्याकडे डिप्लोमा आहे की नाही, एवढंच मी बघत बसलो. तीन दिवस आराखडा माझ्या टेबलावर होता. 'चूक आढळली नाही' असं मी माझ्या हाताने लिहिलंय. मलाही पास्कू मोजता आला नाही." मग पास्कूंना विचारले, "बरोबर बोललो का?"

"हां सायब," पास्कू म्हणाले. "ह्याच बोलायचं व्हतं मना."

तांडेलाच्या मागणीखाली पहिली सही सामंत साहेबांनी केली. पेन माझ्याकडे सरकवत म्हणाले, "नवा आराखडा कधी देताय?" छातीवरचा दगड उतरणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले. राजीनाम्याला वेळ उरला नाही.

होडी दोन हातांनी लांब झाली, कपाट मागे गेले, छत उंच झाले, सुकाणूशी एक आणि पुढे एक अशा दोन जागा आल्या. चाचणीच्या दिवशी पूर्ण भार घेऊन ती खडकांपुढे न्यायची ठरले. मी किनाऱ्यावरून बघणार होतो. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही आत बसा. आराखडा तुमचा आहे."

"मॅडम, मला पोहता येत नाही."

हे ऐकून पास्कूंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पवता येत न्हाय? मंग बरा झाला. होडी नीट काढली आसशील."

दहा माणसे, दहा जाकिटे. मॅडम माझ्याशेजारी बसल्या, पायाशी नमुन्यांच्या पेट्या. खडकांपुढे गेल्यावर वारा समोरून आला, लाटा बाजूने उठल्या. मी पट्टी काढली आणि कडेवरून वाकून पाण्यापासूनचे अंतर मोजू लागलो. सामंत साहेबांनी मागून माझा शर्ट घट्ट धरून ठेवला होता. तीन ठिकाणी मोजले. जेवढे लिहिले होते तेवढेच. मी ओरडून आकडा सांगितला. मॅडमनी मान हलवली, आणि पुढचा सगळा वेळ त्या पाण्याकडे पाहत बसल्या, हात मांडीवर सैल सोडून. मी त्यांना त्याआधी असे निवांत बसलेले पाहिले नव्हते. तेव्हा मला समजले की ते नऊ महिने आणि त्यानंतरचे आठवडे त्यांनाही जड गेले होते. त्यांनी फक्त ते आमच्यावर टाकले नव्हते.

मॅडम निवृत्त झाल्या त्याला दोन वर्षे होत आली. जाण्याआधी त्यांनी एकच आदेश काढून घेतला. खात्याच्या कोणत्याही सामाईक मागणीच्या कागदावर आता एक जादा रकाना असतो: ही वस्तू प्रत्यक्ष कोण चालवणार, आणि त्याला हा कागद कोणी, कुठे वाचून दाखवला. तो रकाना रिकामा असेल तर कागद पुढे जात नाही. नव्या शाखाप्रमुखांना तो रकाना कुठून आला, हे माहीत नसते. मॅडमना विचारले तर म्हणतात, "कळलं नाही तरी चालेल. भरला की झालं." समन्वय कक्ष अजून जिन्याखालीच आहे. पण त्याची थट्टा आता कोणी करत नाही.

मॅडमना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून आपण सारे जमलो आहोत. पुष्पगुच्छ आणि शाली इतर देतीलच. माझ्याकडून ही नोंद. ती होडी आजही चालते. पावसाळ्यात किनाऱ्यावर पालथी असते, नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरते. तिच्यातून आजवर गेलेली सगळी माणसे, शाखेची आणि बिनशाखेची, परत आली आहेत. कुठे बातमी नाही, चौकशी नाही, अहवाल नाही. संध्याकाळी पास्कू तांडेल दोर बांधतात, साहेब लोक रिक्षा शोधतात, आणि सगळे वेळेवर घरी जेवायला पोहोचतात.

आपल्या सर्वांच्या वतीने मी मॅडमना दीर्घ आणि निरोगी आयुष्य चिंतितो. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सांगितलेले व्यायाम त्यांनी रोज करावेत, ही माझी जाहीर मागणी. सहा शाखांच्या आणि एका तांडेलाच्या सह्या या मागणीखाली घेतलेल्या आहेत, आणि कागद मी स्वतः गोडदेवला जाऊन त्यांना वाचून दाखवणार आहे.